सुतकाचं पाणी

डॉक्टर असून तुम्ही कुणाची नाडी धरत नाही, मग तुमचं पोट भरतं कशावर, असा प्रश्न नोकरीच्या काळात मला बऱ्याच जणांनी विचारला. त्यात माझे सासरेही होते. लग्न ठरवताना जावई डॉक्टर आहे एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. तो औषधाची बाटली देत नाही, गावात किती मेले, कुठे मेले आणि कुठलं पाणी पीत होते याच्या चौकशा करत हिंडतो, हे त्यांना लग्नानंतर कळलं. "म्हणजे पटवारीच की," ते म्हणाले. त्यात फारसं चूक नव्हतं. पटवारी जमीन मोजतो, आम्ही माणसं मोजायचो, आणि दोघांना पाहून लोक सारखेच दार लावून घ्यायचे.

आता निवृत्त झाल्यावर या दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हणून आग्रह झाला. बदल्या, बढत्या, साहेबलोकांचे दौरे यांत कुणाला रस असेल असं वाटत नाही. मला स्वतःलाच नाही. तेव्हा ते सगळं बाजूला ठेवतो आणि नोकरी लागायच्या आधीचं, विद्यार्थी असतानाचं एक प्रकरण सांगतो. पुढे जे काही केलं ते याच्याच कमीजास्त आवृत्त्या होत्या.

काळ इंग्रजांचा. मी बऱ्हाणपूरचा, बुधवाऱ्यातला. वडील शाळामास्तर होते, ते लवकर गेले. मुंबईला डॉक्टरी करून आल्यावर गावात दवाखाना काढायचा, असं आईने ठरवून ठेवलं होतं. मी मात्र कलकत्त्याला सार्वजनिक आरोग्याची वरची पदवी घ्यायला निघालो. साथी कशा पसरतात याचं शास्त्र आणि आकडेशास्त्र हे तिथले मुख्य विषय. "आधीच डॉक्टर झालास, आता परत गणित कशाला?" आईने विचारलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही.

आज देतो. बुधवाऱ्यात पटकीने जास्त माणसं दगावली आणि शेजारच्या आळीत कमी, म्हणून बुधवारा वाईट असं म्हणता येत नाही. बुधवाऱ्यात मुळात राहतातच जास्त. किती मेले याच्या खाली किती होते हे लिहिल्याशिवाय वरच्या आकड्याला अर्थ नाही. हे एवढं समजायला एक वर्ष लागतं, असं सांगितलं की लोक हसतात. पण वरचा आकडा रडारडीतून सगळ्यांना ऐकू येतो, खालचा शोधायला दारोदार जावं लागतं. आणि वरचाही खरा असेलच असं नाही. सुट्टीत एकदा मी निंबोल्याच्या कोतवालाकडे गेलो होतो. गावातले जन्ममृत्यू पोलीस ठाण्यात कळवायचं काम त्याचं. त्याने कळवलेला प्रत्येक माणूस तापाने मेलेला. विहिरीत पडलेलाही तापाने. मी विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मेल्यावर माणूस थंड पडते. म्हणजे आधी गरमच असंल ना?" त्या काळच्या सरकारी आकड्यांत हिंदुस्थानात एवढा ताप का आहे, याचा उलगडा मला तिथे झाला.

कलकत्त्याला आकडेशास्त्र शिकवणारे आमचे प्राध्यापक बंगाली होते. धोतर, वर कोट, आणि आवाज इतका बारीक की मागच्या बाकांवर झोप लागावी. ते एक उदाहरण दरवर्षी देत. इस्पितळात डॉक्टरांच्या खोलीला लागून जी खाट असते, तिच्यावर सगळ्यांत जास्त रोगी मरतात. मग खाट अपशकुनी का? तर नाही. जो मरायला टेकलाय त्यालाच डॉक्टरांच्या जवळ ठेवतात. खाटेने रोगी मारला नाही, मरणाने खाट निवडली. "आधी काय, मग काय?" असं ते म्हणत आणि फळ्यावरून हात झटकत. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो आणि विसरायचो.

पदवीसाठी एक प्रबंध लिहावा लागे. मी माझ्याच गावची पटकी हा विषय घेतला, त्यात अभ्यासापेक्षा आईच्या हातचं जेवण मिळेल हा विचार जास्त होता. आलो तो साथ भरात होती. बऱ्हाणपुरात पटकीला हैजा म्हणतात. पहिला आजारी धूलकोटहून आलेला कुणाचा तरी पाहुणा, मग तो उतरला होता ती गल्ली, मग आमच्या घरामागची गल्ली. दुकानं अर्धी बंद. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी बंदोबस्तासाठी एक कमिटी केली होती आणि तिचे प्रमुख होते किसनदास शेठ, कापसाचे व्यापारी. गृहस्थ भला होता. स्वतःच्या खर्चाने चुना आणि लाल औषध मागवत होता.

पण आमच्या घरामागच्या गल्लीने आपला बंदोबस्त आपणच ठरवला होता. मंगळवारी मरीमातेचा गाडा निघणार होता. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवीची मूर्ती, हिरवी चोळी, नारळ. वाजतगाजत तो शिवेबाहेर न्यायचा, म्हणजे रोगराई त्याच्यासोबत जाते. गाड्यासोबत जे शिवेपार गेलं ते परत आणायचं नाही, अशी रीत. कोंबडं सोडलं तर तेही परत धरायचं नाही. त्या वर्षी गल्लीचा आग्रह असा, की हैजा घरोघर नेते ती सरजाबाई, तिलाही गाड्यामागून काढायचं.

सरजाबाई भोईण घरोघर पाणी भरायची. भोयांच्या हातचं पाणी सगळ्या जातींना चालतं, त्यामुळे तिचा राबता सगळीकडे. विधवा, मूलबाळ नाही, कमरेत ताठ. आमच्याकडे मी रांगत होतो तेव्हापासून तिचंच पाणी, आमच्या आळीच्या विहिरीचं. मला ती दिगूभाऊ म्हणायची, मी डॉक्टर झाल्यावरही. तिची झोपडी गावातच होती आणि गावाबाहेर तिला ओळखीचं कुणी नव्हतं. शिवेपार काढलं की ती कुठे जाणार, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

असा आग्रह लोक नेहमीच धरतात, कमिटी ऐकतेच असं नाही. पण या वेळी त्याला कागदाचा आधार मिळाला होता. आधार दिला होता पाठक दरोग्यांनी. गावच्या सफाईवर देखरेख करणारा अंमलदार तो दरोगा. पाठक कामसू होते आणि सरळ होते. त्यांनी गल्लीतल्या मयत झालेल्या आणि न झालेल्याही प्रत्येक घरी जाऊन पाणी कोण भरतं ते विचारलं होतं आणि तक्ता केला होता. तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती.

"आता पाहा डॉक्टरसाहेब. ज्या ज्या घरी मयत, त्या त्या घरी पाणी सरजाबाईचं. गल्लीतल्या बाकी घरांत क्वचित. मी काय शास्त्र शिकलो नाही, लेकिन याच्यात शिकायचं काय आहे? तुम्ही खाली सही करा, सोमवारी कमिटीसमोर ठेवू."

मी तक्ता पाहिला. सुबक होता. मला त्यात एकही चूक काढता येईना, आणि खरं सांगतो, मला जरा आनंदच झाला. प्रबंध आयता चालून आला होता. पाणी, पाणी नेणारी, आणि रोग. तरी सही करायला हात उचलेना, कारण आमच्या घरीही तिचंच पाणी होतं आणि आम्ही सगळे ठणठणीत होतो. त्यात शास्त्र काही नव्हतं. मी पाठकांना म्हटलं, एक फेरी आपण दोघं मिळून करू.

पहिल्याच घरी एक बाई उंबऱ्याआड बसली होती. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता. पाठकांनी पुन्हा विचारलं, पाणी कोण भरतं? सरजाबाई, ती म्हणाली. मी विचारलं, "हे आजारी पडले तेव्हा कोण भरत होतं?"

"तेव्हा मीच आणत होते, विहिरीवरून," ती म्हणाली. "सरजाबाई तर आमचे हे गेल्यावर यायला लागली. सुतकाचा घडा विहिरीवर कोण चढवू देते, सांगा बरं?"

पाठक माझ्याकडे बघायला लागले. ते स्वतः तिथलेच, सुतक काय असतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ज्या घरी मरण झालं त्या घराला विटाळ. त्या घरची घागर गल्लीच्या विहिरीवर न्यायची नाही. एरवी पाणी शेजारी आणून देतात, पण साथीत शेजारी दाराकडे बघत नाहीत आणि भाऊबंदांना तेच सुतक लागलेलं असतं. मग राहते सरजाबाई. दरोग्यांना हे जन्मापासून माहीत होतं, मलाही होतं. तक्ता करताना मात्र ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जे श्वासासारखं चाललेलं असतं ते कोण मोजतं? ती ज्या घरी गेली तिथे मरण आलं नव्हतं. मरण आलं होतं म्हणून ती गेली होती. त्या बारीक आवाजाच्या बंगाली माणसाची खाट मला तिथे उंबऱ्यावर दिसली.

उरलेल्या घरी तेच उत्तर मिळत गेलं. माणूस आजारी पडला तेव्हा पाणी गल्लीच्या विहिरीचं. त्या विहिरीचा ओटा फुटला होता, त्यावर आजाऱ्यांची धुणी होत होती आणि ते पाणी फटीतून परत आत झिरपत होतं. हे काही मोठं संशोधन नव्हे, नाकाने कळण्यासारखं होतं.

संशोधन म्हणावं असं जे होतं ते पुढे निघालं. ज्या घरात माणूस आजारी पडला पण वाचला, त्या घराला सुतक नाही. ते विहिरीचंच पाणी पीत राहिले आणि तिथे मागाहून दुसरा, तिसरा पडला. ज्या घरात माणूस मेला, तिथे बाकीचे बहुतेक धडधाकट राहिले. आम्ही दोनदा तपासलं. सुतकाच्या घरासाठी सरजाबाई विहिरीवर जातच नव्हती. सुतकाची घागर तिलाही तिथे नेता येत नसे. ती वेशीबाहेरच्या कुंडीवर जायची. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या जुन्या नळीतून आमच्या गावाकडे येतं आणि त्या नळीला वरून विहिरीसारखी तोंडं आहेत, त्यांना कुंड्या म्हणतात. ते पाणी आतल्या आत वाहतं, त्याला कुणाचं धुणं लागत नाही.

"म्हणजे जिथं मेला तिथं बाकीचे वाचले?" पाठक म्हणाले. "आणि या बाईनं वाचवले?"

"घरं थोडी आहेत," मी म्हटलं. "एवढ्यावरून छातीठोक बोलता येत नाही." आमच्या प्राध्यापकांनी हे वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं होतं. पाठकांनी तक्ता घडी करून खिशात घातला. त्यांना राग आला नव्हता, धक्का बसला होता.

सोमवारच्या बैठकीआधी मी सरजाबाईकडे गेलो. ती दारात घागरीला चिंच लावून घासत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे कमिटीपुढे मांडलं की तुला कोणी काढणार नाही.

तिने घासणं थांबवलं नाही. "काय काय सांगसान, भाऊ?"

"जे आहे ते. सुतकाच्या घरी तू पाणी भरतेस म्हणून मयतीच्या घरी तुझं नाव येतं."

"हे चार लोकांत सांगावं लागेल?"

मी म्हटलं, त्याशिवाय हिशेबच उभा राहत नाही. ती म्हणाली, "सगळ्यांना मालूम आहे ते. लेकिन कोणी बोलत नाही. पहाटेची जाते, मागच्या दारानं जाते, ती घागर कुंडीपाशीच पालथी टाकून येते. मग आंघोळ करून तुमच्यासारख्यांच्या घरी येते. कोणी विचारत नाही, मी सांगत नाही."

"मग कशाला जातेस त्या घरी?"

"तहान तर सुतकातबी लागते ना, भाऊ," ती म्हणाली. मग घागर बाजूला ठेवून तिने जरा विचार केला. "हैजावाली म्हणून गाड्यामागं काढलं तर मेल्यावर जाळायलाबी कोणी नाही येणार. सांगून द्या. खरं आहे ते सांगून द्या. पुढचं पुढं पाहू."

तिला पुढचं दिसत होतं, मला नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा विहीर, कुंडी आणि दोन रकाने एवढंच होतं.

बैठक शेठजींच्या पेढीवर झाली. गल्लीचे लोक बाहेर ओट्यावर उभे होते. मी जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं, आणि पाठकांनी उठून, आपलाच तक्ता उलटा वाचला गेला होता, असं स्वतःहून म्हटलं. त्या काळी सरकारी माणसाने असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. गल्लीतला एकजण म्हणाला, "पण ती सुतकाच्या घरी जाते, हे तर खरं ना? आणि मग आमच्या घरी येते?"

किसनदास शेठ खाली बघत होते. त्यांच्या काकू त्याच साथीत गेल्या होत्या, सुतक नुकतंच फिटलं होतं, आणि त्या दिवसांत त्यांच्या घरी पाणी कुणी भरलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, "विहीर बंद करा. ओटा नवा बांधा, पैसे मी देतो. गाडा निघेल तो निघू द्या, त्याच्यामागं माणूस जाणार नाही." बस्स. एका मिनिटात निकाल लागला. मंगळवारी गाडा वाजतगाजत गेला, आणि सरजाबाई आपल्या दारात उभी राहून तो पाहत होती.

विहीर बंद झाल्यावर साथ ओसरली. ती विहिरीमुळे ओसरली की तिची ती ओसरणारच होती, हे मी तेव्हाही ठामपणे सांगू शकत नव्हतो आणि आजही नाही. साथी उतरणीला लागल्या की ज्याने शेवटी काही केलं त्याला श्रेय मिळतं. मला मिळालं. मी ते घेतलं.

चारआठ दिवसांनी सकाळी उठलो तर आई स्वतः कळशी घेऊन बाहेरून येत होती. गुडघे धरून, दोन पायऱ्या चढून थांबत. मी विचारलं, सरजाबाई आजारी आहे का?

"नाही. तिला नको म्हटलं."

मला खरंच कळेना. मी म्हटलं, "आई, तिचा काही दोष नाही हे मी सिद्ध केलंय. कमिटीपुढे."

"ते मला माहीत आहे रे. तू केलंस म्हणूनच तर," आई म्हणाली. "दिगू, ती त्या घरी जाते हे मला काय ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं ठाऊक होतं. पण कोणी बोलत नव्हतं तोवर ते नसल्यासारखं होतं. आता तू चारचौघांत सांगितलंस. आता माहीत असून कसं घेऊ? देवघरात काय ठेवू?"

मी वाद घातला. दोन घागरी, पहाटेची आंघोळ, वेगळं पाणी, तुमच्याच नियमाने ती शुद्ध आहे, असं सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, काही खोडून काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी घेऊन गेली. शेठजींच्या घरीही तिला बंद केल्याचं कळलं. मग एकेक करून सगळीकडे. कुणी तिला बोल लावला नाही. उलट बिचारीवर उगीच आळ आला होता, असं सगळे म्हणत. मला फार वाईट वाटलं. आईचा रागही आला, पण तो कोणत्या रकान्यात घालावा हे मला शिकवलेलं नव्हतं.

प्रबंध मी कलकत्त्याला जाऊन लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक इंग्रज परीक्षक आले होते. त्यांनी सुतक म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे साथ आली की सगळ्याच घरांना सुतक लावावं, अशी तुमची शिफारस आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. त्या वर्षी माझ्या प्रबंधाला पहिला क्रमांक मिळाला. तो कागद अजून माझ्याकडे आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो, हे नाकबूल करत नाही.

पुढच्या वर्षी मी नोकरीवर रुजू होण्याआधी गावी आलो. हंगाम हैजाचा होता आणि हैजा नव्हता. विहिरीचा ओटा नवा होता, पाण्यात लाल औषध पडत होतं. पाठक दरोगे मला ते सगळं फिरून दाखवत होते. वेशीबाहेर आलो तर कुंडीवर सरजाबाई दिसली. वाळली होती. पाठकांना पुढे जायला सांगून मी थांबलो.

"यंदा हैजा नाही आला म्हणतात, भाऊ," ती म्हणाली.

"नाही आला."

"चांगलं झालं. लहान लहान पोरं मरत होती." तिने दोर ओढून घागर वर घेतली. मी विचारलं, काम कसं चाललंय? आधीची घरं परत बोलवायला लागली का?

"नाही बोलवत. सुतकाचीच घरं आहेत आता. तिथं मला कोणी नाही म्हणत नाही." ती जरा थांबली. "साल चांगलं गेलं, म्हणून काम नव्हतं. देवाला काय मागावं, मला समजत नाही."

मी तिची घागर डोक्यावर चढवायला हात लावला, तेव्हा तिने चुंबळ नीट केली आणि शेठजींच्या आळीकडे मानेने खूण केली.

"तिकडं एक म्हातारा गेला काल," ती म्हणाली. "पिकलेलं पान होतं. दहा दिवसाचं काम लागलं, भाऊ."